नाथांची पालखी आणि बालाघाटाचें पाणी

बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुका बालाघाटाच्या पठारावर वसलेला आहे. छपराच्या माथ्यावर आढें असतें आणि त्याच्या दोन्ही अंगांस पावसाचें पाणी ओघळून जातें, तसेंच कांहींसें ह्या मुलखाचें आहे. मांजरा नदी ह्याच तालुक्यांतील डोंगरांत उगम पावते. ती पूर्वेकडे वळून बीड, धाराशिव, लातूर ह्या जिल्ह्यांचें पोषण करीत पुढें कर्नाटक व तेलंगणांत शिरते आणि ७०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून गोदावरीस मिळते. ह्याच तालुक्यांत सौताडा म्हणून गांव आहे. तेथें विंचरणा नदी पावसाळ्यांत कड्यावरून खोल दरींत उडी घेते. दरीच्या तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे. ही विंचरणा जामखेडावरून जाऊन सीनेस मिळते, सीना भीमेस आणि भीमा कृष्णेस. म्हणजे मृगाच्या एकाच सरीचे दोन थेंब कांहीं कोसांच्या अंतरानें पडले, तर एक गोदावरीच्या वांट्यास जातो व दुसरा कृष्णेच्या. दोन महानद्यांस पाणी पुरविणाऱ्या ह्या आढ्यावर मात्र चैत्र-वैशाखांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. देणाऱ्याच्याच घरीं कांहीं उरूं नये, अशी ही भूमि आहे.

ह्या आढ्यावरून दरवर्षीं ज्येष्ठाच्या अखेरीस नाचणाऱ्या माणसांचा एक मोठा मेळा जातो. पैठणाहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीएकनाथ महाराजांची पालखी निघते. गोदावरीचें पात्र मागें टाकून ती दक्षिणेची वाट धरते, बालाघाट चढून पाटोद्यास येते, आणि पुढें खर्डा, परांडा ह्या बाजूनें उतरत आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरीं चंद्रभागेच्या वाळवंटीं पोंचते. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरीस ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला तें नांव पडलें. पाण्यास जें आढें ओलांडतां येत नाहीं, तें हीं माणसें टाळांच्या ठेक्यावर ओलांडतात. ही गोष्ट आम्हांस केवळ भूगोलाची गंमत वाटत नाहीं. गांवोगांव फिरणाऱ्या ह्या नृत्यानें लोकांस पाण्याविषयीं काय शिकविलें, आणि काय शिकवावयाचें राहून गेलें, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, वारी ही यात्रा आहे. तिला नृत्याचा खेळ म्हणणें हा भक्तीचा उपमर्द होय. आक्षेपामागची भावना आम्हांस मान्य आहे. पण खुद्द वारकरी नाचण्याची लाज मानीत नाहीं. कीर्तनाच्या रंगीं नाचणें हा ह्या पंथाचा नामदेवांपासूनचा परिपाठ आहे. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून एका ठेक्यावर पुढेंमागें पडणारी पाउली, जोडीजोडीनें घातलेली फुगडी, पखवाजाची लय चढत जातां घेतलेली उंच उडी, हें सारें शिकावें लागतें. आणि घरांतल्या थोरांच्या मागें उभीं राहून मुलें तें शिकतात. ह्यांत नट व प्रेक्षक हा भेद नाहीं, तिकीट नाहीं, रंगमंच नाहीं. परंतु ठराविक वाट, ठराविक तिथि आणि ठराविक क्रम ह्या तिन्ही गोष्टी आहेत. कोणत्याही फिरत्या नाटकमंडळीस हेवा वाटावा इतक्या कांटेकोरपणें हा प्रयोग चालतो. त्याचा मुख्य विषय विठ्ठल हा खराच. पण नाथांच्या पालखीपुरतें बोलावयाचें तर त्याचें दुसरें सूत्र पाणी हें आहे. तें कसें, हें नाथांच्या चरित्रापासूनच पाहूं.

एकनाथांचा काळ साधारणपणें १५३३ ते १५९९ असा मानतात. पैठणांत गोदावरीच्या कांठीं त्यांचें आयुष्य गेलें आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणें, फाल्गुन वद्य षष्ठीस त्याच नदींत त्यांनीं जलसमाधि घेतली. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हें विद्वानांस ठाऊक असतें. पण खेड्यांतल्या म्हातारीस नाथ आठवतात ते दुसऱ्याच कारणांसाठीं. काशीची गंगा कावडींत भरून रामेश्वरास नेत असतां वाटेंत तहानेनें तडफडणारें गाढव दिसलें, आणि नाथांनीं कावडीचें पाणी त्याच्या तोंडांत ओतलें. भर दुपारीं गोदावरीच्या तापलेल्या वाळूंत महाराचें मूल रडत होतें. नाथांनीं तें कडेवर घेऊन त्याच्या घरीं पोंचविलें. आणि देव स्वतः श्रीखंड्या हें नांव घेऊन बारा वर्षें नाथांच्या घरीं कावडीनें पाणी भरीत राहिला. महीपतीनें अठराव्या शतकांत संतांचीं चरित्रें ओवीबद्ध केलीं आणि कीर्तनकारांनीं असल्या कथा घरोघर नेल्या.

ह्या कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतात, हा प्रश्न आम्ही येथें घेत नाहीं. लोकांनीं त्या शतकानुशतकें विसरूं दिल्या नाहींत, हीच इतिहासाच्या दृष्टीनें मोठी नोंद आहे. तिन्ही कथा पाण्याच्या किंवा पाण्याच्या कांठच्या आहेत, आणि तिन्हींत ओझें उचलणारा थोर ठरला आहे. पाणक्या म्हणजे घरगड्यांतला गरीब गडी. त्याचें काम देवाकडे सोंपविणाऱ्या लोकांस पाण्याच्या ओझ्याची किंमत पुरती ठाऊक असली पाहिजे. पैठणांतील नाथांच्या वाड्यांत तो श्रीखंड्याचा रांजण अद्याप दाखवितात. तुकाराम बीजेस त्याची पूजा होऊन तो भरण्यास आरंभ होतो. भाविक गोदावरीवरून घागरी आणून त्यांत ओततात, आणि ज्याच्या घागरीनें रांजण भरून वाहूं लागेल, त्याच्या रूपानें देव आला असें समजून त्याचा मान करतात. शेंकडों माणसें रांगेनें पाणी वाहतात आणि ह्यांतला देव कोण हें शेवटपर्यंत कोणासही सांगतां येत नाहीं, ह्याहून चांगला पाण्याचा उत्सव आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

नाथांच्याच शतकांत, अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाच्या काळीं, सलाबतखान नांवाच्या सरदारानें बीड शहराजवळ एक विहीर बांधविली. ती खजाना बावडी ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचें पाणी जमिनीखालच्या नहरांनीं शेतांकडे नेलेलें आहे. एका पिढीनें पाण्याविषयीं दगडांत एक काम केलें व वाणींत दुसरें. बावडी जेथें बांधली तेथेंच राहिली; वाणी मात्र चालूं लागली, आणि तिला चालतें करण्याचें साधन नाथांनींच दिलें होतें. तें म्हणजे भारूड.

नाथांच्या नांवावर सुमारें ३०० भारुडें आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, बहुरूपी, भुत्या, महार, फकीर, विंचू चावलेला मनुष्य, सासुरवाशीण, अशीं नानाप्रकारचीं सोंगें त्यांत येतात. हें काव्य वाचावयाचें नसून उभें राहून, वेष घेऊन, आवाज बदलून, पाय नाचवून दाखवावयाचें आहे. ज्ञानेश्वरी शुद्ध करणारा पंडित महाराच्या जोहाराची भाषा घेऊन बोलतो, आणि गांवाच्या वेशीवरचा मनुष्य क्षणभर गांवाच्या मध्यभागीं येऊन शहाणपण सांगतो. पालखीच्या मुक्कामीं रात्रीं भारूड उभें राहिलें कीं, दिवसभर बारा-पंधरा मैल चाललेलीं माणसें झोंप विसरतात. अलीकडे भारुडकार त्याच सोंगांत गांवची स्वच्छता, झाडें, पाण्याची काटकसर असे विषय घालतात. हा कांहीं जुन्या कलेचा भ्रष्टाकार नव्हे. नाथांनींही आपल्या काळचीं माणसें व आपल्या काळचे रोग हेच विषय घेतले होते.

वाटेवरच्या दिवसांतील मुख्य प्रयोग मात्र रिंगणाचा. पाटोदा तालुक्यांतील पारगांव घुमरे येथें नाथांच्या पालखीचें रिंगण होतें. मोकळ्या रानांत मध्यें पालखी ठेवतात, भोंवतीं दिंड्या बसतात आणि बाहेर गांवकऱ्यांचें कडें पडतें. आधीं पताकावाले धांवतात, मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, मग पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका, मग विणेकरी, टाळकरी, पखवाजी. आणि शेवटीं अश्व. अश्वाच्या टापांखालची माती कपाळीं लावण्यासाठीं झुंबड उडते, आणि पहिल्या पावसाची वाट पाहणारा कुणबी तीच माती घरीं नेतो. मृग कोरडा गेला असेल त्या वर्षीं ह्या रिंगणांत धूळ इतकी उठते कीं पलीकडचा मनुष्य दिसत नाहीं; पाऊस झाला असेल तर चिखलांत फुगड्या चालतात. दोन्ही प्रसंगीं नाच होतोच.

ह्या साऱ्यांत आमचें लक्ष वेधून घेतात त्या हंडा घेतलेल्या बायका. प्रत्येक दिंडींत डोक्यावर तुळस घेतलेली एक आणि पाणी घेतलेली एक तरी स्त्री असते. तुळस देवासाठीं, पाणी चालणाऱ्यांसाठीं. तहानलेल्यास तिनें वाटेंत पाणी पाजावयाचें हा तिचा नेम. असा नेम पंढरीपर्यंत सांभाळणें हें मोठें पुण्य समजतात. ज्या गांवीं पालखी जाते तेथेंही घरोघरच्या बायका रस्त्याच्या कडेस माठ, बादल्या, तांबे घेऊन उभ्या असतात. त्यांतल्या कित्येकींनीं तें पाणी मैलभर अंतरावरून, किंवा टँकरपुढें ताटकळत राहून आणलेलें असतें. उन्हाळ्याच्या शेवटीं, घरांत सर्वांत कमी पाणी असतें नेमक्या त्या दिवसांत, परक्या हजारों माणसांस पाणी पाजण्याची ही रीत ह्या कोरड्या आढ्यावर टिकून आहे. नाथांच्या कावडीची कथा येथें केवळ ऐकली जात नाहीं; दरसाल ती करून दाखविली जाते.

तरीपण ह्या दृश्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविणें बरें नाहीं. रिंगणांत हंडा हा मानाचा. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तोच हंडा त्याच बाईच्या मानेवरचा भार. नाचांत एकदां गौरव झाल्यामुळें रोजचें ओझें हलकें होत नाहीं. फार तर तें सोसण्यास धीर येतो. मराठवाड्यांत पाऊस रुसला म्हणजे गांवांत धोंडी काढतात. कडुलिंबाच्या डहाळ्यांनीं अंग झांकलेला पोर घरोघर नाचत जातो आणि प्रत्येक घरची गृहिणी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतते. उरल्यासुरल्या पाण्यांतून ओतलेला तो तांब्या म्हणजे श्रद्धेची कमाल होय. पण त्या पाण्यासाठीं कोण किती लांब चालून गेली, हें गाणें तेथें कोणी म्हणत नाहीं.

आणि पाणी कोणाचें, हा प्रश्न तर ह्याहून बिकट. मराठींत दोन क्रियापदें आहेत: पाणी पाजणें आणि पाणी शेंदणें. पाजणारा वरच्या अंगास असतो व पिणारा ओंजळ धरतो. शेंदणारा मात्र विहिरीच्या कांठावर स्वतः उभा राहतो, दोर स्वतःच्या हातानें सोडतो. आपल्या गांवांत शतकानुशतकें महार-मांगांस विहिरीपासून दूर उभें राहून, कोणी दयाळू येऊन पाणी वाढील तोंवर वाट पाहावी लागे. पाणी वाढणें हा शब्दच पाहा. भिकाऱ्यास अन्न वाढावें तसें पाणी वाढावयाचें. गाढवास पाणी पाजल्यानें गांवाची घडी विस्कटत नाहीं. महारानें दोर हातीं घेतला कीं ती विस्कटते. नाथांनीं अंत्यजाचें मूल कडेवर घेतलें ही कथा ज्या कीर्तनांत सांगत, त्या कीर्तनाच्या गांवची विहीर त्या मुलाच्या वंशजांस बंदच राहिली. वारीनें पाजण्याचा धर्म घरोघर पोंचविला. शेंदण्याचा अधिकार तिनें उच्चारला नाहीं. वारीच्या आंतही भेद होतेच. इरावती कर्वे पायीं वारीस गेल्या होत्या. ब्राह्मणांची व मराठ्यांची जेवणें निराळीं होतात हें पाहून त्यांस झालेलें दुःख त्यांनीं ‘वाटचाल’ ह्या लेखांत नोंदवून ठेविलें आहे.

जें वारीनें उच्चारलें नाहीं तें उच्चारण्यासाठीं दुसरा एक फिरता प्रयोग जन्मास यावा लागला. तो म्हणजे जलसा. जोतीराव फुले ह्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला आणि १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. पुढें ह्या समाजाच्या अनुयायांनीं तमाशाचा सांचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले आणि खेडोपाडीं नेले. ढोलकी तीच, तुणतुणें तेंच, सवाल-जवाबाची ऐट तीच; पण विषय वेगळे. शृंगाराच्या जागीं शिक्षण, सावकारी, भिक्षुकशाही ह्यांचे सवाल आले. तमाशा पाहण्यास जमलेला शेतकरी हंसतां हंसतां विचार करीत घरीं जाई.

ह्या सांच्यांत पाण्याचा प्रश्न पेटला तो महाडानंतर. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळानें रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं आपलें तळें खुलें केल्याचें ठरविलें. पण कागदावरच्या ठरावानें कोणाची तहान भागली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्याकडे चालत गेले आणि तेथील पाणी ओंजळींत घेऊन प्याले. त्यानंतर मारहाण झाली, आणि गांवच्या धुरीणांनीं १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य मिसळून तळें ‘शुद्ध’ केलें. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रहपरिषद भरली. २५ डिसेंबर १९२७ रोजीं मनुस्मृति जाळण्यांत आली. तळ्याचा दावा दहा वर्षें चालून १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. तळ्यापर्यंतची ती चाल हीही एक दिंडीच होती. फरक इतकाच कीं, तिच्या शेवटीं कोणी कोणास पाणी पाजलें नाहीं. ज्यानें त्यानें तें स्वतः घेतलें.

हा निरोप वस्त्यावस्त्यांत पोंचविला तो आंबेडकरी जलशांनीं. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यांतले प्रमुख शाहीर. त्यांनीं आपल्या आठवणी व जलशांचें स्वरूप पुढें १९७८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. गणांतील देवस्तुति बाजूस पडली, गौळणीचें रूप पालटलें, आणि वगांत गांवच्या चावडीवरचे, पाणवठ्यावरचे प्रसंग आले. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांस महाड काय झालें, कायदा काय म्हणतो, हें ढोलकीच्या साथीनें समजलें. भारुडांत महार गांवास उपदेश करतो. पण तें सोंग असतें, आणि सोंग उतरलें कीं नट आपल्या घरीं जातो. जलशांत उभा असलेला मनुष्य सोंग उतरल्यावरही तोच होता. चारशें वर्षांच्या अंतरानें झालेला हा पालट मराठी लोककलेच्या इतिहासांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाटोद्यास ह्यांतलें काय मिळालें? तेव्हांचा भीर जिल्हा निजामाच्या राज्यांत, पुण्या-मुंबईच्या भाषेंत मोगलाईंत, होता. मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव किंवा तेथील हायकोर्टाचा निकाल बालाघाटावर लागू नव्हता. तिकडे ब्रिटिश मुलखांत १९४७ सालीं साने गुरुजींनीं पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला. गांवोगांवच्या विहिरी व देवळें खुलीं करा, असें ते विनवीत, आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण शाहीर गाणीं म्हणत त्यांच्याबरोबर फिरत. १ मे १९४७ रोजीं त्यांनीं पंढरीस उपोषण आरंभिलें आणि मंदिर खुलें होण्याचें ठरल्यावर दहा दिवसांनीं सोडलें. वारीची वाट आणि जलशाची वाट ह्या दोन वाटा तेथें क्षणभर एकत्र आल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं. निजामाचें राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपलें. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट ह्यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. जातीच्या कारणानें त्यांपासून कोणास दूर ठेवतां येणार नाहीं. देशाच्या मूळ कायद्यांत विहिरीचें नांव यावें, ह्यावरूनच ह्या देशांत विहिरीभोंवतीं काय काय घडलें होतें याची कल्पना येते. १९५५ सालीं अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला. शेंदण्याचा हक्क अखेर कागदावर तरी सर्वांचा झाला.

परंतु दोर हातीं आला आणि विहीरच आटूं लागली, असा विचित्र प्रसंग ह्या मुलखावर आला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांच्या आठवणींत खडी फोडण्याचीं कामें आणि सुकडी हीं अद्याप आहेत. त्या दुष्काळानें महाराष्ट्रास रोजगार हमीची योजना दिली. तिचा कायदा १९७७ सालीं झाला. पाटोदा, आष्टी, शिरूर ह्या भागांतील हजारों कुटुंबें दिवाळी झाली कीं गाडीबैल किंवा ट्रक-ट्रॅक्टर घेऊन ऊसतोडीस जातात. वाटेचा रोख पुष्कळसा वारीचाच: भीमा, नीरा, कृष्णा ह्यांच्या खोऱ्यांकडे. पण ह्या वाटेवर टाळ नाहीं, पताका नाहीं. पाण्यावर पोसलेला ऊस तोडावयाचा, आणि पाण्यावांचून तापलेल्या गांवीं उन्हाळ्यांत परतावयाचें. वर्षांत दोनदां हीं माणसें आढें ओलांडतात, एकदां पोटासाठीं व एकदां विठोबासाठीं. आणि दुसऱ्या फेरीचा आनंद पहिल्या फेरीच्या कष्टाशीं ताडून पाहिल्याखेरीज पुरता कळत नाहीं.

२०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरेवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातुरास पोंचली. मिरज कृष्णेवर, लातूर मांजरेवर, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यांत. नाथांची पालखी गोदावरीकडून कृष्णेच्या खोऱ्यांत उतरते. गाडीचें पाणी उलट आलें. कावडीच्या जागीं आगगाडीचे डबे आले एवढेंच. पण पाजण्याचा धर्म तोच, आणि त्याची मर्यादाही तीच. पाजलेलें पाणी त्या दिवसापुरतें असतें. मांजरेचा उगम जेथें आहे त्या आढ्यावर पाणी मुरावें, ह्याची व्यवस्था आगगाडी करूं शकत नाहीं.

हें अंतर नाचाला भरून काढतां येईल काय? जगांत तसें घडल्याचें उदाहरण आहे. बलि बेटावर शेतकऱ्यांच्या सुबक नांवाच्या पाणीसंस्था आहेत. कालव्यावरचें जलदेवतेचें देऊळ, तेथील उत्सव, आणि कोणाच्या भातास केव्हां पाणी सोडावयाचें ह्याचा निर्णय, हीं तेथें एकाच सूत्रांत ओंवलेलीं आहेत. २०१२ सालीं युनेस्कोनें ह्या व्यवस्थेस जागतिक वारशांत स्थान दिलें. फार दूर जावयास नको. आपल्याच खानदेशांत पांझरा व मोसम ह्या नद्यांवर जुन्या बंधाऱ्यांची फडपद्धति होती. तींत पाटकरी पाळीपाळीनें सर्वांच्या शेतांस पाणी देई आणि तूट आली तर ती सर्वांनीं वांटून घ्यावी लागे. बलींत उत्सव आणि वांटप एकत्र राहिलें. आपल्याकडे उत्सव वारीच्या वाटेनें गेला, हक्क जलशाच्या वाटेनें, आणि वांटप सरकारी कचेरींत जाऊन बसलें. तिघांची गांठ क्वचितच पडते. २०१६ सालीं पानी फाउंडेशननें गांवांगांवांत जलसंधारणाची स्पर्धा आरंभिली. पहिल्या वर्षीं निवडलेल्या तीन तालुक्यांत बीड जिल्ह्याचें अंबाजोगाई होतें. तेथें माणसें टिकाव-फावडें घेऊन एकत्र जमलीं, बांध घातले, चर खणले. माणसांस घराबाहेर काढून एका तालावर काम करावयास लावणें हें वारीस शेंकडों वर्षांपासून साधलेलें आहे. त्या विद्येचा उपयोग माती व पाणी अडविण्यास कां होऊं नये, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

२०२० व २०२१ ह्या दोन वर्षीं महामारीमुळें पायीं वारी झाली नाहीं. नाथांच्याही पादुका एस. टी. च्या गाडींतून पंढरीस गेल्या. देवाची भेट चुकली नाहीं; पण वाटेवरच्या गांवांत रिंगण झालें नाहीं, भारूड उभें राहिलें नाहीं, आणि रस्त्याच्या कडेस माठ घेऊन उभें राहण्याचें कारणच कोणास उरलें नाहीं. पंढरीस पोंचणें आणि वाटेनें चालत जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तेव्हां पुष्कळांच्या ध्यानीं आलें. पाण्याचेंही असेंच आहे. नळानें पाणी येणें ही सोय झाली आणि ती प्रत्येक घरीं झालीच पाहिजे. पण पाणी कोठून येतें, कोणाच्या वांट्याचें येतें, आणि आपल्या शिवारांतून वाहून कोणाकडे जातें, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचा पाण्याशीं संबंध तुटला असें समजावें.

येत्या ज्येष्ठांत पालखी पुन्हां बालाघाट चढेल. पारगांवच्या रानांत रिंगण होईल, हंडे घेतलेल्या बायका धांवतील आणि माणसें डोळे भरून पाहतील. पाहणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, त्या हंड्यांतलें पाणी कोणत्या विहिरीचें आहे, ती विहीर गांवांतल्या कोणत्या आळींत आहे, तिच्यावर कोण शेंदतें आणि वैशाखांत तिला पाणी किती होतें, हेंही तेथील कोणा गृहिणीस विचारावें. उत्तर देतांना ती हातानें दिशा दाखवील. त्या दिशेनें थोडें चालून यावें, आणि मग रिंगणास परत यावें.